काठोकाठ भरलेला डबा

इंझोरी, शुक्रवार

मंजुषाताईस योगिनीचा नमस्कार.

आम्ही सगळे ठीक आहोत. पुण्यात तू, भाऊजी आणि पिहू ठीक असाल असं धरून चालते, कारण फोन तू उचलत नाहीस.

ताई, आमची बैठक बंद पडायची वेळ आली आहे, तीही पाहुणचारापायी. माझ्या गोलूसारखी न बोलणारी मुलं ज्यांच्या घरी आहेत, त्या आयांची ही बैठक. वाशीमच्या संस्थेच्या निता मॅडम आल्या आणि म्हणाल्या, बैठक कशी असावी ते तुम्हीच ठरवा. (आम्हाला आजवर भाजी कोणती करू एवढंच ठरवता आलं होतं.) ठरलं ते असं: शेलूबाजारच्या बाजाराचा दिवस नको, आणि सासवांनी ओसरीवर बसावं. आमच्यातल्याच अमीनाबीनं माझ्याकडे बघून एक नियम घातला. "नवी बाई आली का तिले काई इचारायचं नाई. बसू द्या नुसतं." त्या दिवशी मी नुसती बसले. शेजारी जागा होती. तू आठवलीस.

उपयोग होतो की नाही, हे तपासायची रीतही आम्हीच काढली. मॅडमचे दोन डबे. उपयोग झाला तर तुरीचा दाणा पहिल्या डब्यात, नाही तर दुसऱ्यात. सगळ्यांनी पहिल्यात टाकला. दुसरा रिकामाच राहिला, ते आमच्या चंपाबाईंना बघवेना. "पाव्हनीचा डबा खाली कसा धाडाव, माय?" म्हणत त्यांनी घरची तूर आणून तो काठोकाठ भरला. (वर दोन लिंबंही ठेवली.) मॅडमना आमचं समजलं असतं, पण डबे वाशीमला संस्थेच्या साहेबांनी उघडले. निकाल: उपयोग मूठभर, निरुपयोग काठोकाठ. लिंबांचा अर्थ अजून लागलेला नाही.

पुढच्या शनिवारी साहेब स्वतः येणार आहेत. दाणे पुन्हा टाकायचे आहेत आणि बाया कमी पडतात. म्हणून तू ये. पिहूलाही आण.

तुझी,
योगिनी

ता. क. मागे चिवडा दिला होता तो डबा तुझ्याकडेच आहे. तो परत करायला तरी ये.

आणखी एक. बाया कमी नाहीत, खोटं लिहिलं. पिहूही बोलत नाही, हे आईकडून कळलं. अमीनाबीचा नियम मी पाळीन. शेजारच्या जागेवर मी कुणाला बसू देत नाही. "कोनाची वाट पाहून राह्यली वं?" म्हणून चंपाबाई दर वेळी टोमणा मारतात. ये, ताई. डबा रिकामा आणलास तरी चालेल.