पुढे तीस, मागे बेचाळीस

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.०५
टायरची हवा तपासली. पुढे ३०, मागे ४२. गेज माझा स्वतःचा, पंपही स्वतःचा. दुसऱ्यांच्या मीटरवर मी विश्वास ठेवत नाही. वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक होतो, लोकांचे काटे तपासण्यात हयात गेली. आमची ही जाऊन साडेचार महिने झाले, पण एक तारखेची हवा एकदाही चुकलेली नाही.
गाडी मात्र बिघडली आहे. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरवर मागून उडते. थाडकन. पूर्वी उडत नव्हती.

३ नोव्हेंबर, सोमवार
निदान झालं. मागची बाजू हलकी आहे. इंजिन पुढे, बॅटरी पुढे, मी पुढे. मागे काहीच नाही. एक पारडं रिकामं ठेवल्यावर ते उडणार नाही तर काय?
उपाय: बॅटरी काढून मागे डिकीत बसवायची. रेसच्या गाड्यांत असंच करतात, एका व्हिडिओत पाहिलं. त्यातल्या माणसाला चाळीस मिनिटं लागली. मी नीट करणार असल्यामुळे दोन दिवस धरले आहेत.
बॅटरी बाथरूमच्या वजनकाट्यावर ठेवली. १३.६ किलो. पुढून तेवढं गेलं, मागे तेवढं आलं, म्हणजे फरक २७.२ चा. टूलबॉक्स ९.४. बाकी जुनी मासिकं घालून भरून काढता येईल. एकूण ५१ हवेत. ५१ हा आकडा कसा आला ते इथे लिहायची गरज नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
मुलीचा फोन. जावयाने गाडीला गिऱ्हाईक पाहिलं आहे म्हणे. बाबा, एकट्या माणसाला कशाला हवी गाडी, आणि उडते असं तुम्हीच सांगता, उद्या कंबर धरली तर कोण बघणार, वगैरे. मी शांतपणे ऐकून घेतलं. ती २९ ला येणार आहे. सांगितलं की २९ ला स्टेशनवर गाडी घेऊन येतो. घरी येईपर्यंत एकही गचका बसला तर खुशाल विका. नाही बसला तर हा विषय परत काढायचा नाही. ती म्हणाली, लिहून द्या. लिहून पाठवलं.
तिला वाटलं मी कच खाईन. मुलगी हुशार आहे, पण आईवर गेली आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार
आज सुरुवात करणार होतो. पाना सापडला नाही. पाना शोधताना फ्यूजचा जुना डबा सापडला, तो लावण्यात दिवस गेला. वाया गेला असं म्हणता येणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १
बॅटरी डिकीत ठेवली. गीझर बसवताना उरलेली वायर होती, ती ओढून पुढे आणली. गीझरसारखी वस्तू तिच्यावर चालते, तर गाडीने नाक मुरडायचं कारण नाही.
चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. वायर गरम झाली. म्हणजे करंट येतो आहे, हे सिद्ध झालं.
वरच्या मजल्यावरचे गृहस्थ बाल्कनीत उभे होते. ही त्यांना आकाशवाणी म्हणायची. त्यांनी वरूनच विचारलं, अहो, बॅटरी पुढे असते ना? मी म्हटलं, असते. मग ती मागे का? म्हटलं, तांत्रिक कारण आहे. ते म्हणाले, नाही, विचारलं आपलं, कारण आमच्या साडूने असंच गॅसच्या शेगडीचं केलं होतं. साडूचं पुढे काय झालं ते विचारलं नाही.
मग गॅरेजच्या मिस्त्रीला फोन केला, केवळ माहितीसाठी. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, काका, बोटाएवढी जाड केबल लागते, आणि बॅटरीला लागून फ्यूज टाकायचा, नाहीतर होळी. त्यापेक्षा गाडी माझ्याकडे आणा. आभार मानून फोन ठेवला. एकवीस वर्षं गाडी त्याच्याकडे जाते आहे, त्यामुळे थोडा डोक्यावर बसला आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार
वेल्डिंगची केबल आणली. पाच मीटर मागितली होती. दुकानातच माझ्या टेपने मोजली. ४.९२. दुकानदाराला दाखवलं. तो म्हणाला, केबल रबरी असते साहेब, ओढली की भरते. त्याला मोजमापाचा कायदा समजावून सांगितला, सुमारे पंचवीस मिनिटं. मागे रांग लागली. रांगेतला एकजण म्हणाला, त्यांना माझ्यातर्फे आठ सेंटिमीटर द्या आणि मोकळं करा. मी ४.९२ घेऊन बाहेर पडलो, पण तत्त्व सोडलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
केबल तीस सेंटिमीटर कमी पडली. दुकानदाराने आठ सेंटिमीटर मारले होते, त्याचा परिणाम. गाडी मी बाहेरून सरळ रेषेत मोजली होती आणि आतून केबल सीटखालून वळसा घेते, हेही थोडं कारण असू शकेल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
दुसऱ्या दुकानातून सहा मीटर आणली. मोजली नाही. घाई होती.
केबल मागच्या सीटखालून, डाव्या बाजूने नेली. सीट उचलली नाही. जेवढी फट होती तेवढ्यातून ढकलली. ही कायम मागे डावीकडे बसायची. लोक हसायचे, नवरा ड्रायव्हर दिसतो म्हणून. ही म्हणायची, पुढे बसलं की तुमच्या चुका आधी दिसतात, मागे बसलं की नंतर कळतात, जिवाला तेवढाच आराम. तिथे तिची पाठीची उशी आहे. ती आहे तशी राहू दिली आहे. कामाच्या आड येत नाही.
फ्यूज टाकला नाही. चूक होणार असेल तर फ्यूज. इथे होणार नाही.
५.४० ला चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं! आकाशवाणीकडे वर पाहिलं, नेमके आत गेले होते. ते वर्तमानपत्र घेऊन खाली येईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. आले. पाहिलं. वास कसला येतोय, असं म्हणाले. हेवा.

१५ नोव्हेंबर, शनिवार
सुरक्षा म्हणून काल बॅटरीचा टर्मिनल काढून डिकी बंद केली होती. डिकी बटणाने उघडते. बटणाला करंट लागतो. करंट बॅटरीत आहे. बॅटरी डिकीत आहे.
किल्लीचं भोक आहे, पण ते सहा वर्षांपूर्वी गंजलं.
ही गाडी बनवणाऱ्यांची चूक आहे, त्यांना पत्र लिहिणार आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०
मागच्या सीटवरून आत शिरायचं ठरवलं. दुसरा मार्ग नाही. सीटची पाठ खाली पाडायची तर डाव्या बाजूचा खटका ओढावा लागतो. उशी उचलावी लागली. जून महिन्यानंतर पहिल्यांदाच.
उशीमागे चष्मा पुसायचं फडकं, आणि गोळ्यांचे कागद. चार घड्या घातलेले, एकावर एक. ही गाडीत कधी कचरा टाकत नसे. सीटच्या खिशात हॉस्पिटलमधली वजनाची स्लिप. ५१.०. म्हणजे आकडा बरोबर होता.
अर्धा डिकीत, अर्धा सीटवर अशा अवस्थेत असताना आकाशवाणीने काचेवर टकटक करून विचारलं, अहो, ठीक आहात ना? पाय दिसताहेत फक्त. मी आतूनच म्हटलं, पाहणी चालू आहे. ते म्हणाले, चालू द्या, पण चप्पल पडली आहे तुमची, ती इथे ठेवतो.
टर्मिनल लावला. डिकी उघडली. बाहेर आलो. उशी होती तशी ठेवली, फडकं आणि कागदही. टर्मिनल यापुढे ढिला ठेवायचा, म्हणजे हाताने निघेल. अनुभवातून शहाणपण.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
चाचणी. बॅटरी, टूलबॉक्स, मासिकांचे दोन गठ्ठे. ५१ पूर्ण.
स्पीडब्रेकर. उडाली. किंचित कमी, असं मला वाटलं. मासिकं पुढे आली.

१९ नोव्हेंबर, बुधवार
परत उडाली. रस्त्याचा दोष असण्याची शक्यता आहे. स्पीडब्रेकरची उंची मोजली, नियमापेक्षा दोन सेंटिमीटर जास्त. नगरपालिकेला अर्ज दिला. पण २९ पर्यंत ते काही तासणार नाहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार
मुलीने फोनवर विचारलं, गाडी कशी आहे? म्हटलं, शेवटच्या टप्प्यात. ती म्हणाली, बाबा, पैज जाऊ दे, मी रिक्षाने येते. मी म्हटलं, स्टेशनवर थांबायचं, लिहून दिलं आहे. ती म्हणाली, आई असती तर तुमचं काही चाललं नसतं. मी म्हटलं, आई असती तर गाडी उडलीच नसती. हे बरोबर होतं, पण नंतर दोघांनीही लगेच फोन ठेवला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी १२.३०
आज वेग थोडा वाढवून स्पीडब्रेकर घेतला, तुलनेसाठी. मागून धूर आला. सीटखाली केबल लोखंडी पट्टीवर घासत होती, तिचं रबर फाटलं. गाडी थांबवून मागे धावलो. डिकी उघडली, टर्मिनल हाताने उपटला. ढिला ठेवला होता हे योग्यच ठरलं.
मला काही झालं नाही. खालचं कारपेट जळलं, वीतभर.
उशीचा एक कोपरा जळाला.
आज आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
लिहिलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
मिस्त्री दोरी लावून गाडी घेऊन गेला. मी आत, स्टिअरिंगवर. आकाशवाणी बाल्कनीत उभे होते. हात केला फक्त. हे त्यांना शोभून दिसलं.
मिस्त्रीने केबल काढली. बोटाएवढी ना, असं म्हणून फिरवून पाहिली. फ्यूज? म्हणाला. मी टूलबॉक्स उतरवून घेतला. बॅटरी पुढे बसवायला त्याला अकरा मिनिटं लागली. मग गाडी घेऊन गेला, रस्त्यावरच्या गतिरोधकावरून जाऊन परत आला. उतरला आणि मागच्या टायरला लाथ मारली.
म्हणाला, काका, हवा कोणी भरली ही? म्हटलं, मी. दर एक तारखेला. मागे बेचाळीस. तो म्हणाला, दगड झालाय नुसता, उडणार नाही तर काय करणार बिचारी. आणि त्यासाठी तुम्ही बॅटरी हलवली? मी म्हटलं, आकडा स्टिकरवरचा आहे, मनाचा नाही. मग त्याने पुढचं दार उघडून स्टिकर दाखवलं. त्यावर दोन चित्रं आहेत. दोन माणसं, सगळीकडे तीस. पाच माणसं आणि एक बॅग, मागे बेचाळीस. म्हणाला, हे पाच जण कोण, काका?
त्याला नीट सांगितलं. जूनमध्ये रोज हॉस्पिटल होतं. ही, मेहुणी, नर्सबाई, मी. व्हीलचेअर, ऑक्सिजनचा सिलिंडर. भरलेल्या गाडीला योग्य हवा हवी, हिला त्रास होऊ नये, म्हणून स्टिकर वाचून भरली होती.
तो म्हणाला, बरोबर भरली होती. पण ते जूनमध्ये. आता मागे कोण असतं?
कोणी नाही, म्हटलं.
त्याने हात पुसले, गेज माझ्याकडे दिला. म्हणाला, तुम्हीच सोडा, मी चहा सांगून येतो. मी दोन्ही टायरची हवा सोडली. साडेतीन मिनिटं लागली. आवाज बराच होतो. तो चहा सांगून लवकर आला नाही.
माल उतरवला की काटा शून्यावर आणा, हे मी बत्तीस वर्षं दुकानदारांना सांगत होतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार
स्टेशनवर २० मिनिटं आधी पोचलो. मुलीने सवयीने पुढचं दार उघडलं. मग मागे बघितलं. उशीचा जळलेला कोपरा मी आत दुमडला होता, तरी तिला दिसला. पुढचं दार लावून मागे जाऊन बसली, डावीकडे, उशी पाठीशी घेऊन.
स्पीडब्रेकरच्या आधी मागून आवाज आला, बाबा, दुसरा गिअर. मी तो आधीच टाकला होता.
गचका बसला नाही. पैज जिंकलो. गाडी विकायची नाही, विषय परत काढायचा नाही. तिने मान्य केलं. मग म्हणाली, पण महिनाभर तुम्ही केलंत काय? म्हटलं, बॅटरी मागे नेली. आणि? आणि पुढे आणली.
ती इतकी हसली की आकाशवाणी बाल्कनीत आले. नंतर बराच वेळ नाक पुसत होती. सर्दी झाली असेल, गाडीची काच उघडी होती.

१ डिसेंबर, सोमवार
मुलीला स्टेशनवर सोडलं.
हवा तपासली. पुढे ३०, मागे ३०.
येताना स्पीडब्रेकरवरून दोनदा जाऊन पाहिलं. उडत नाही.