तीस प्रती आणि एक

बर्मिंगहॅम, ७ मार्च २००४

प्रिय वैजू,

आशीर्वाद-बिशीर्वाद नको म्हणतेस, म्हणून नुसतंच प्रिय.

गुरुवारी पंधरा दिवसांसाठी येमेनला निघतोय. अरबस्तानच्या अगदी खालच्या टोकाला आहे. वाळवंट म्हणून घाबरू नकोस. राजधानी साना महाबळेश्वरापेक्षा उंच, स्वेटर लागतो. दुपारी गडीमाणसं गालात कसलासा पाला धरून बसतात, तेव्हा कामं बंद. कमरेला खंजीर असतो, पण शोभेचा म्हणे.

पंप बसवायचाय तो मात्र पुढे, मारिबला. आमचे साहेब फोनवर कुणाला तरी सांगत होते, "गोऱ्याला पाठवलं तर तिथल्या टोळ्या उचलून नेतील. दीना चालेल, त्यांच्यातलाच दिसतो." पार्टिशन पातळ आहे आणि माझे कान तुला ठाऊक आहेत.

लेथवरचा नासिर तिकडचाच. त्याला विचारलं तर हसला. "भाई, माझा चुलतभाऊ तुला गाडीतून नेईल. आधी त्याच्या घरी जेव. जेवलास की तू सगळ्या टोळीचा पाहुणा. मग कोण हात लावतो?" तेव्हा पोचल्याबरोबर जेवणार, भूक असो नसो.

वाटेत प्रत्येक चौकीवर पासपोर्टची प्रत द्यावी लागते. तीस काढल्यात.

आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, दुबईच्या शेजारी गेलाय. नकाशा दाखवू नकोस.

एकतिसावी प्रत या पाकिटात आहे. सव्वीस तारखेला माझा फोन आला की फाडून टाक. नाही आला, तर प्रतीच्या मागे नासिरच्या चुलतभावाचा नंबर लिहिलाय.

तुझाच,
दीनानाथ