सीडीवरचं भस्म

अप्पा, सीडी फिरते आहे आणि आई माझ्या शेजारी पोत्यावर बसून सुपात शेंगा निवडते आहे. सीडी रायटरचा आवाज चढला की ती माझ्याकडे पाहते. सीडी लिहून होईपर्यंत टेबल हलवायचं नाही, असं मी सांगितलं, तेव्हा टेबलापासून हातभर लांब असूनही तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. दुकानात फारसं काही बदललेलं नाही. वजनकाटा तुमचाच आहे आणि काट्याचा कंप्युटरही तोच, कारण काट्याची केबल नव्या मशीनला बसत नाही. काल तो बंद पडला, आता त्याची सिस्टिम सीडीवरून पुन्हा बसवायची आहे. बाहेर सोयाबीनचे ट्रॅक्टर उभे आहेत, आणि ते दुसऱ्या काट्याकडे वळू नयेत म्हणून भाऊ ड्रायव्हर लोकांना चहा पाजतो आहे.

काटेवाल्यानं सीडी पाठवली नाही, इमेज फाईल पाठवली. भावानं ती जशीच्या तशी सीडीवर कॉपी केली आणि मशीनमध्ये घातली. मग मला लातूरला फोन केला. "अक्का, सीडीत फाईल दिसती, पण मशीन तिला वळखतच न्हाई." मी त्याला सांगितलं, इमेज फाईल म्हणजे सगळी सीडी एका गाठोड्यात बांधलेली. गाठोडं तसंच आत ठेवलं तर मशीनला गाठोडंच दिसतं. ते सोडून आतलं सगळं जागच्या जागी मांडावं लागतं, तेव्हा कुठं चालू होताना मशीनला पहिली पायरी सापडते. तो म्हणाला, मग तूच ये. पेनड्राइव्हवरून हे मशीन चालू होत नाही. कोऱ्या सीडी केजच्या फोटो स्टुडिओत मिळाल्या, लग्नांच्या शूटिंगमधून उरलेल्या. रायटर मी कॉलेजच्या लॅबमधून आणला आहे. माझी नोकरी तिथंच आहे, हे तुम्हाला माहीत नाही. मी दुकानात पाऊल टाकलं तेव्हा ड्रायव्हरांसमोर भाऊ हसून म्हणाला, "बघ बाई, जपून. तुझा हात लागला की काय व्हतंय ते आमाला ठावं हाय." सगळे हसले. हे वाक्य या घरात तुमच्यामुळे आलं. मिक्सर जळला, पंखा अडकला, माझ्या लग्नात मांडवातला माईक बंद पडला, प्रत्येक वेळी कुणीतरी विचारलं, अक्काचा हात लागला काय.

ती खंडेनवमी मला स्वच्छ आठवते. ओसरीवर पाट मांडलाय. पाटावर जुना तराजू, मापं, किल्ल्यांचा जुडगा, आणि त्यांच्या शेजारी त्या वर्षी पहिल्यांदाच सीडी. कंप्युटर बसवायला आलेला अंबाजोगाईचा इंजिनिअर ती देताना म्हणाला होता की ही मशीनची चावी आहे, मशीन बसलं तर यावरूनच उठेल. चावी म्हटल्यावर पूजेला मांडणं आलंच. तुम्ही आंघोळ करून ओल्या अंगानं येता. सीडीची चकाकणारी बाजू वर करता, कारण तुमच्या लेखी तेच तिचं तोंड आहे. आणि कपाळाला लावता तसे भस्माचे तीन पट्टे तिच्यावर ओढता. वर कुंकवाचं बोट. पूजा झाल्यावर धोतराच्या सोग्यानं दाबून पुसता. मी म्हणते, अप्पा, त्या बाजूला काही लावायचं नसतं. मी तेव्हा केजला कंप्युटरच्या क्लासला जात होते, म्हणून मला कळत होतं. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणता, "महादेवाचं भस्म हाय ते. त्यानं बिघडंल व्हय?"

दिवाळीच्या आधी मशीन बसलं. तुम्हीच मला हाक मारली, तुम्हीच सीडी माझ्या हातात दिली. ती आत गेली, घरघरली, थांबली, परत घरघरली. पडद्यावर काही आलं नाही. काट्यावर गाड्या होत्या, हमाल होते, गावातली चार मोठी माणसं होती. तुम्ही त्यांच्याकडे वळून म्हणालात, "पोरीच्या हातात दिलं, माझंच चुकलं." तुमच्या तोंडून 'माझं चुकलं' हे मी ऐकलं ते तेवढंच. मग माझ्याकडे वळलात. "बस झाला तुझा क्लास." दुसऱ्या दिवशी केजची एसटी मी दारातून पाहिली. उन्हाळ्यात लग्न लावून दिलंत.

आज हे सगळं मी उगाळत नव्हते. मी फक्त नवी सीडी कडेला धरून डब्यातून काढली. आई पाहत होती. म्हणाली, त्या इंजिनिअरनं पण अशीच धरली होती. मी विचारलं, कधी. तिनं सहज सांगितलं. तो नंतर आला तेव्हा स्वयंपाकघरात चहा प्यायला बसला, सीडी उजेडात तिरकी करून त्यानं तुम्हाला चरे दाखवले. भस्म घासून पडलेले. पोरीची काही चूक नाही म्हणाला. आई तेव्हा चहा गाळत होती. "तुझे अप्पा म्हणाले, आता बोललो ते बोललो. मला म्हणाले, तिला काही सांगू नको."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. इतकी वर्षं मी तुम्हाला अडाणी समजून माफ करत आले. ती माफी मी परत घेते. कारण पुढच्या खंडेनवमीला मी माहेरी आले होते आणि पाटावर सीडी पाकिटात होती. भस्माचे पट्टे पाकिटावर होते. मी ते पाहिलं होतं आणि मला काहीच कळलं नव्हतं. सीडीची काळजी घ्यायला तुम्ही शिकलात. तेवढं शिकायला तुम्हाला एक वर्षसुद्धा लागलं नाही. क्लास पुन्हा सुरू कर म्हणायला उशीर झाला असेल, पण हमालांसमोर एक वाक्य बोलायला कसला उशीर? तुम्ही रोज त्याच काट्यावर बसत होता. लोकांच्या मालात छटाकभर फरक पडू दिला नाहीत, असं सगळे सांगतात. मला ते ऐकवत नाही.

मी आईला म्हटलं, हे तू भावाला सांग, माझ्यासमोर. ती म्हणाली, "आता कशाला गं? माणूस गेलं." मी म्हटलं, मी आहे ना. तिनं सूप परत मांडीवर घेतलं. चार शेंगा निवडून म्हणाली, सकाळी सांगते.

सीडी लिहून झाली आहे, आता तपासणी चालू आहे. तोवर हे लॅपटॉपवर लिहिते आहे. कुणाला दाखवणार नाही. एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगून ठेवते. गप्प आईही राहिली, आणि तिच्यावर मला रागावता येत नाही. तुम्ही गेला आहात, तुमच्यावर रागावणं सोपं आहे.

हे पुढचं एसटीत लिहिते आहे. सकाळी मशीन सीडीवरून चालू झालं, मी सिस्टिम बसवली, पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला. चहा देताना आईनं भावाला सांगितलं. तो म्हणाला, "मला ठावं होतं की. दुकान हाती देताना अप्पांनीच सांगितलंतं, सीडीच्या चकाकत्या बाजूला भस्म लावू नको म्हणून." मग तो वजन बघायला बाहेर गेला. मी रायटर पिशवीत भरला आणि लातूरची एसटी धरली.