विहिरीतलं डिझेल आणि शीतलचा समुद्र

शीतलच्या बाबांना,

सकाळी तुमच्या फोटोशी बोलत होते, तर शेजारीण डोकावून म्हणाली, "येड लागलं का गं तुला?" म्हणून शीतलच्या जुन्या वहीत लिहून राहिले. चौथीपर्यंतची शाळा माझी, चुका होतील. तुमी कुठं तपासायला येणार हाय!

पोरीचा फोन येणार होता, अजून आला न्हाई. शिजलेली हळद पसरायची तशीच पडलीय. हातात काम धरवत न्हाई.

तुमाला माहीत न्हाई, आपली पोरगी कोकणात समुद्रकाठी कॉम्प्युटरवर शिकून राहिली. काय, तर जहाजातलं तेल सांडलं की ते उद्या कुठं जाईल ते आजच सांगायचं. मी म्हटलं, "तेल काय तुला विचारून जातंय व्हय?" तर हसली. "आई, पाण्याची ओढ अन् वाऱ्याचा रेटा मॉडेलमधी भरायचा. ते तेलाची वाट दाखवतं."

मला आपली विहीर आठवली. तुमाला आठवते का? न आठवायला काय झालं! पाण्याच्या इंजिनात ओतताना डिझेलचा कॅन निसटला तुमच्या हातातून, अन् डिझेल विहिरीत सांडलं. मी म्हटलं, बायांना सांगा, अर्धी आळी इथं पाणी भरती. तर तुमी, "कोपऱ्यात हाय, तिथंच राहील. कोणाला सांगू नको." दुपारी वारं फिरलं अन् तवंग पायऱ्यांपाशी आला. आळीतल्या कडूबाईचा नातू ते पाणी पिऊन दोन दिवस ओकत होता. तुमी गप. मीबी गप. काहून गप बसलो आपण? सहा वर्षांची शीतल पायरीवर उभी राहून सगळं बघत होती!

आता ऐका. काल तिकडं एक बोट खडकावर आदळली, तेल गळायला लागलं. तिला शिकवणाऱ्या सरांनी शीतललाबी मॉडेल चालवायला लावलं. तिनं सांगितलं, तेल खोल समुद्रात जाईल, किनाऱ्याला भ्या न्हाई. कागद सरांकडं गेला. अन् आज सकाळी तिच्या ध्यानात आलं, वारं उलटं भरलं! मावळतीकडून येणारं वारं तिनं मावळतीकडं जाणारं म्हणून भरलं. लहानपणी माझ्यासंगं उफणायला उभी राहायची, भुसा तोंडावर आला की वारं कुठलं ते बराबर सांगायची. अन् हितं चुकली! तेल तर खाडीत शिरणार. बाया शिंपल्या वेचतात तिथं.

फोनवर रडून राहिली होती. "आई, अजून कोणाला कळलं न्हाई. दुपारी सर कागद तेल अडवणाऱ्यांकडं धाडतील. सांगितलं तर मला काढून टाकतील."

कोणाला कळलं न्हाई! मला वाटलं, तुमीच बोलून राहिले.

मी खेकसले, "आधी सरांना सांग, मग रड." अन् फोन ठेवला. तवापासून जीव थाऱ्यावर न्हाई. काढलं तर पोरगी कुठं जाईल? अन् सांगितलंच न्हाई तर? त्याचीच धास्ती जास्त वाटती. तिला तुमचे डोळे आले, तुमचं अक्षर आलं. हेबी आलं का?

थांबा, फोन वाजला.

सांगितलं तिनं. सर लई बोलले म्हणं. मग म्हणाले, "बस खाली, पुन्हा चालव." तेल अडवायची माणसं खाडीच्या तोंडाकडं निघाली. पोहोचतील का वेळेवर, तिला माहीत न्हाई. तिला ठेवणार की काढणार, तेबी अजून सांगितलं न्हाई.

पण एक इचारलं तिनं. "आई, विहिरीचं तू कडूबाई आज्जीला कधी सांगितलं का?"

"संध्याकाळी पुन्हा फोन कर, तवा सांगते," म्हटलं अन् फोन ठेवला.

हळद पसरते अन् तशीच कडूबाईकडं जाते. तुमचं नाव सांगीन, माझंबी सांगीन. तुमाला राग आला तर येऊ द्या. पोरीचा फोन पुन्हा यायच्या आत सांगून येते, हा शब्द हाय माझा.

तुमच्यासंगं गप बसलेली,
शीतलची आई