चिंचवडच्या अनधिकृत तापमानाबाबत खुलासा

दि. २२ एप्रिल २०२६

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
उष्णता निवारण कक्ष,
प्रभाग कार्यालय, चिंचवड.

विषय : गच्चीवरील हवामान यंत्र न काढणेबाबत आणि आमची शाळा सकाळची करणेबाबत.

संदर्भ : आपले दि. १६ एप्रिलचे पत्र, ज्यात मी शाळेच्या फाटकावर 'अनधिकृत तापमान प्रसारित' केल्याचे म्हटले आहे.

महोदय,

मी, कु. स्वरूपा मुकुंद घारे, इयत्ता नववी, आपले पत्र पोचल्याचे सादर कळवते. माझ्या नावाने आलेले हे पहिलेच सरकारी पत्र. आई म्हणाली लॅमिनेट कर, बाबा म्हणाले वकिलाला दाखवू. यंत्र काढून सात दिवसांत खुलासा द्यावा असा आदेश आहे. यंत्र काढलेले नाही. खुलासा मात्र सहाव्याच दिवशी देत आहे.

१. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर मी तापमान, पाऊस आणि वारा मोजणारे छोटे यंत्र बसवले आहे. कासारवाडीच्या ऋचाताई (इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष) आणि निघोज्याचे धनेशकाका (कंपनीत मेंटेनन्सला) यांच्याही घरी असेच यंत्र आहे. दर रविवारी आम्ही तिघे फोनवर आठवड्याचे उच्चांक जुळवतो. सगळ्यात तापलेला दिवस कोणता, सगळ्यात जोराचा वारा कुणाकडे, वगैरे. ज्याचा आकडा वेगळा पडेल त्याची यथेच्छ चेष्टा होते. गेल्या मे महिन्यात माझे यंत्र चार अंश जास्त दाखवत होते, तेव्हा काकांनी विचारले, "यंत्र गच्चीवर ठेवलंयस की गॅसवर?" ते शेजारच्यांच्या एसीच्या गरम हवेत उभे होते, म्हणून मी ते हलवले. तेव्हापासून काकांचा नियम आहे की आधी सगळी यंत्रे एका सावलीत उभी करायची, मग भांडायचे. त्याप्रमाणे २९ मार्चला तिन्ही यंत्रे निघोज्यात शेजारी शेजारी ठेवली. दिवसभरात फरक पडला ०.३ अंशाचा. आम्ही अनधिकृत असलो तरी एकमताने अनधिकृत आहोत.

२. आपल्या परिपत्रकानुसार आपल्या यंत्रावर सलग तीन दिवस ४० किंवा त्याहून जास्त अंशांची नोंद झाली, की दुपारच्या शाळा सकाळी भरवायच्या आहेत. आमची शाळा दुपारची आहे आणि परीक्षा संपेपर्यंत, म्हणजे ३० एप्रिलपर्यंत, चालेल. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सावित्रीबाई बारा ते दोन पत्र्याच्या शेडमध्ये दोन चुलींसमोर उभ्या असतात. ९ एप्रिलला त्या तिथेच चक्कर येऊन पडल्या. डोके कट्ट्यावर आपटले, चार टाके पडले. त्या दिवशी आमच्या तिन्ही यंत्रांवर ४१.६ ते ४२.३ अंश होते. मुख्याध्यापक मॅडमनी आपल्याला शाळा सकाळची करण्याची विनंती केली. आपण उत्तर दिलेत की त्या दिवशीचे अधिकृत कमाल तापमान ३७.४ होते, सबब सदर चक्कर उष्णतेमुळे आलेली नाही. सावित्रीबाईंना हा आकडा वेळेत कळवला गेला नाही, नाहीतर त्या नक्कीच उभ्या राहिल्या असत्या.

३. त्यानंतर मी आपल्या संकेतस्थळावरच्या नोंदी वाचल्या. त्या सर्वांसाठी खुल्या ठेवल्याबद्दल आपले आभार; वाचणारी मी पहिलीच असावे. आपले यंत्र ६ एप्रिलला सुरू झाले. तेव्हापासून चिंचवडमध्ये रोज सकाळी अकराला आणि दुपारी तीनला चार-चार मिलिमीटर पाऊस पडतो आहे. आकाश निरभ्र, बाकी चिंचवड कोरडे, पाऊस फक्त आपल्या आवारात. शिवाय हा पाऊस शनिवारी-रविवारी पडत नाही. १४ एप्रिललाही पडला नाही, सार्वजनिक सुट्टी होती. सुट्टीचे वेळापत्रक पाळणारा पाऊस आमच्या भूगोलाच्या पुस्तकात नाही. पुस्तक जुने असेल.

आणखी एक. पाऊस नसतो त्या दिवशी आपले यंत्र आमच्याशी तंतोतंत जुळते. ११ तारखेला ४१.३, १२ ला ४१.६. सलग दोन दिवस झाले, आता एकच हवा, म्हणून मी सोमवारची वाट पाहिली. सोमवारी ३७.१. मंगळवारी सुट्टी, ४१.८. बुधवारी ३६.९. मागच्या शनिवार-रविवारी ४२.० आणि ४२.२, आणि सोमवारी पुन्हा ३७.३. थोडक्यात, चिंचवडमध्ये ऊन फक्त सुट्टीच्या दिवशी पडते, आणि तेव्हा शाळा बंद असते.

४. म्हणून १७ तारखेला अकरा वाजता मी आपल्या आवारात येऊन उभी राहिले. बरोबर अकराला आपल्या कक्षाचे माळी मालोजीकाका बादली घेऊन आले. त्यांनी यंत्राला गुंडाळलेले गोणपाट सोडले, भिजवले, पुन्हा नीट गुंडाळले आणि उरलेले पाणी वरून ओतले. मी विचारले, हे काय? ते म्हणाले, "उद्घाटनाला सायबांनीच सांगितलं, मालोजी, मशिनीची काळजी घ्या. दिसभर उन्हात उभी हाय बिचारी. आमी न्हाई बघायचं तर कोन बघनार?" मी म्हटले, काका, ते ऊन मोजायलाच उभे केलेय. ते हसले आणि म्हणाले, "ऊन तर मलाबी मोजता येतंय की. त्याला मशीन कशाला जाळायची?" गोणपाट काढायची विनंती केली तेव्हा म्हणाले, "सायबाचा कागद आन, लगेच काढतो."

मालोजीकाकांविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. दिलेला आदेश दिवसातून दोनदा पाळणारा कर्मचारी आपल्याकडे आहे, त्यांचा सत्कार व्हावा. मात्र आपल्या उष्णता निवारण कक्षाने निवारलेली उष्णता आतापर्यंत फक्त त्या यंत्राचीच आहे, हे नम्रपणे नोंदवते.

५. सबब विनंती अशी की माझे यंत्र गच्चीवर राहू द्यावे आणि आपले यंत्र एक दिवस, गोणपाटाशिवाय, आमच्या तिघांच्या यंत्रांशेजारी सावलीत उभे करावे. जागा आपली, दिवस आपला. सरबत आम्ही आणू.

एवढे शक्य नसल्यास, चौकशी समिती, खुलासा, गोणपाट काढण्याचा लेखी आदेश, यातले काहीच नको. मालोजीकाकांकडून समजले की जुन्नरला त्यांच्या भाचीचे लग्न आहे आणि २३ व २४ एप्रिलच्या रजेचा त्यांचा अर्ज २ तारखेपासून आपल्या टेबलावर आहे. त्यावर 'बदली माळी मिळेपर्यंत प्रलंबित' असा शेरा आहे. काका उद्या अकराच्या आत निघाले, तर उद्या, परवा आणि शनिवार असे सलग तीन दिवस होतात. आपल्याच यंत्रावर, आपल्याच नियमाने. सावित्रीबाई येत्या सोमवारी कामावर परत येणार आहेत. मग त्यांची खिचडी सकाळी सातला शिजेल.

तरी मालोजीकाकांची रजा आजच मंजूर करावी. कृपया बदली माळी नेमू नये.

आपली नम्र आणि तूर्तास अनधिकृत,

(सही)
कु. स्वरूपा मुकुंद घारे
चिंचवड

सोबत :
१) चारही यंत्रांचे ६ ते २१ एप्रिलचे उच्चांक, एका कागदावर.
२) गुंडाळलेल्या यंत्राचा फोटो (मालोजीकाकांच्या परवानगीने, ते टोपी नीट करून शेजारी उभे आहेत).
३) सावित्रीबाईंच्या टाक्यांची डॉक्टरांची चिठ्ठी.