अर्थिंगचं पाणी

आई, टाइल्सच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहितो आहे. याच्या पुढच्या बाजूला माशांच्या टाकीच्या वायरिंगचा नकाशा आहे. आपल्या अकोल्याच्या घरात तू जिथे गहू निवडायला बसायचीस, तिथे आता लोखंडी स्टँडवर पाच फुटांची टाकी उभी आहे. हौस माझी. माझ्या दुकानातली मोठी गिऱ्हाइकं घरी आली की त्यांनी बघत राहावं, एवढीच. पाणी बदलणं, काच पुसणं तुझ्या सुनेच्या वाट्याला आलं. पंप, फिल्टर, हीटर, दिवा, सगळं मी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खुपसलं होतं आणि तो बोर्ड टाकीखाली फरशीवरच पडलेला. ती सांगायची, "स्टँडले हात लावला का झिणझिण्या येतात. पाहा ना एकदा." मी टीव्हीवरची नजरही न काढता म्हणालो, "तुले काय समजते त्यातलं?" त्यानंतर ती रबरी चप्पल घालून टाकी पुसायला लागली, कूलरमध्ये पाणी भरताना तू घालायचीस तशी. मला ते दिसत होतं. दिसत असूनही मी काही केलं नाही, याची लाज वाटते.

परवा तिचा ओला हात स्टँडला लागला आणि ती झटक्यानं मागे पडली. बादली कलंडली आणि ती भिंतीला टेकून खालीच बसली. तेव्हा कुठे मी वायरमनला बोलावलं. हीटरच्या वायरवरून पाणी ओघळत थेट बोर्डात जात होतं. आम्ही दोघांनी बसून नकाशा काढला. बोर्ड टाकीखालून उचलून बाजूच्या भिंतीवर उंच. प्रत्येक वायरीला खाली झोल, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल, प्लगपर्यंत चढणार नाही. करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच. पाण्यात हात घालण्याआधी सगळं एकदम बंद करता येईल असं एक बटन. आणि लोखंडी स्टँडला अर्थिंग, म्हणजे गळलेला करंट माणसातून न जाता जमिनीत जाईल. मग त्यानं घरातली अर्थिंग तपासायला टेस्ट लॅम्प लावला, तर बल्ब नुसता मिणमिणला, म्हणजे अर्थिंग नावालाच उरली होती. त्यानं विचारलं, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे? मी अंगणाकडे पाहिलं. गाडी लावायला मीच तिथे चकचकीत टाइल्स बसवून घेतल्या होत्या.

आणि तू दिसलीस, मी कॉलेजात होतो तेव्हाची. उन्हाळा आहे, नळाला पाणी येऊन किती दिवस झालेत, आम्ही अर्ध्या बादलीत आंघोळी उरकतो आहोत. पण तू तांदूळ धुतलेलं पाणी पातेल्यात घेऊन बाहेर येतेस आणि कंपाउंडच्या कोपऱ्यातल्या त्या अर्थिंगच्या पाइपाच्या तोंडात हळूहळू ओततेस. घर बांधताना कोणी तुला सांगितलं होतं, की काळी माती भेगाळली की अर्थिंग मरते. पाणी घातलं की बिलही कमी येतं, असं तू त्यात आपल्या मनानं जोडलं होतंस. माझे कॉलेजचे मित्र अंगणात बसलेले. एकानं विचारलं, काकू, इथे कोणतं झाड लावलं? तू म्हणालीस, "झाड नाही रे, करंट आहे. उन्हाळ्यात त्याले तहान लागते." ते हसले. मी सगळ्यांसमोर तुला म्हणालो, "तुले काय समजते त्यातलं? जा आत." तू रिकामं पातेलं घेऊन आत गेलीस. दुसऱ्या दिवशी मी बाहेर पडायची वाट पाहिलीस आणि मग पाणी घातलंस. फाटकाबाहेर सायकलची चेन बसवत होतो, म्हणून मला कळलं. चुकलो, आई.

काल टाइल्स फोडल्या. खाली माती वाळून दगड झाली होती. ओल धरून ठेवायला नवं मीठ, नवा कोळसा भरला, पाणी सोडलं, आणि बल्ब लख्ख पेटला. आता स्टँडला हात लावला तरी काही होत नाही. तुझ्या सुनेनं विचारलं, "आईपण इथंच पाणी टाकत होत्या ना?" मी नुसतं हो म्हणालो आणि वायरमनचे पैसे द्यायला वळलो.

तू गेलीस, आता हे तुला कुठे पाठवणार? तू काही बोलणार नाहीस, म्हणून तर तुझी माफी इतकी सहज मागता आली. जिची आधी मागायला हवी ती आत तांदूळ धुते आहे. तिला मी अजून काहीच बोललेलो नाही.