घर क्रमांक एकचा फॉर्म

३ जानेवारी, सकाळी ७
रिटायर झालेला माणूस म्हणजे संपलेला माणूस, असं म्हणणाऱ्यांनी आजपासून तोंडं बंद ठेवावीत. आरोग्य खात्याच्या सर्व्हेवर माझी नेमणूक झाली. चार गल्ल्या, सहाशे बारा घरं. बीपीचं मशीन, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बॅग.
फॉर्मात अडतीस प्रश्न. मजला कितवा, लिफ्ट आहे का, दिवसभर उभं राहून काम करता का, पाय सुजतात का, धाप लागते का, घरात कोणी सिगारेट ओढतं का. प्रत्येक धोक्याला एक मार्क. पाच किंवा जास्त झाले की लाल चिठ्ठी आणि आठवड्याच्या आत हॉस्पिटलात तपासणी. साहेबांनी तीनतीनदा बजावलं की ज्याचा फॉर्म त्यालाच समोर बसवून विचारा, एकाचं उत्तर दुसऱ्याकडून घेऊ नका. हे मला सांगायला हवं होतं का?
संकल्प: (१) सिगारेट आजपासून बंद. (२) रोज पहाटे फिरणं. (३) ही रोजनिशी.

४ जानेवारी
फिरायला गेलो नाही. बॅगेचा पट्टा खांद्याला काचत होता.
प्रॅक्टिस म्हणून घर क्रमांक एक आपलंच धरलं. ही लाँड्रीत कामावर गेलेली. म्हणून काय थांबायचं? एकतीस वर्षांचा संसार, मूलबाळ नाही, घरात दोनच माणसं. तिच्याबद्दल मला ठाऊक नाही असं आहे काय! अडतीस प्रश्न सहा मिनिटांत. धाप: नाही. सूज: नाही. बीपी: १२०/८० (अंदाजे, पण माझा अंदाज म्हणजे काळ्या दगडावरची रेघ). प्रश्न चौदा, बरं वाटत नसल्यास घरात कोणाला सांगता: पतीला.
तिसऱ्या मजल्याचा एक मार्क नाइलाजाने द्यावा लागला. सिगारेट: घरात कोणी ओढत नाही. कालपासून हे खरंच आहे.

११ जानेवारी
लोक काय एकेक असतात! कोपऱ्यावरचा सुतार बायकोचा फॉर्म स्वतःच सांगत सुटला. तिला काही होत नाही, ती धडधाकट आहे, लिहा. मी त्याला चांगलाच फैलावर घेतला. म्हटलं, तिला तोंड आहे, तिचं तिला बोलू द्या. ती बाहेर आली, बसली आणि एकदम सहा मार्कांची निघाली. छातीत कळ येते हे सुताराला पहिल्यांदाच कळलं. बघतच राहिला. लाल चिठ्ठी दिली आणि तिच्यावरची शेवटची ओळ नेहमीसारखी मोठ्याने वाचून दाखवली.
अशा नवऱ्यांचं काय करावं?

१९ जानेवारी
तक्रार लिहून ठेवतो. ही कामावरून येते तीच दुसऱ्या मजल्यावर अडकते. तिथे शिंपीणबाई राहतात. त्यांनी जिन्याच्या वळणावर एक लाकडी खुर्ची आणून ठेवली आहे. ही त्या खुर्चीत बसून गप्पा मारते. पंधरा पंधरा मिनिटं! वर मी चहावाचून ताटकळत. आज वरून हाक मारली तर उत्तर नाही. वाकून पाहिलं तर दोघी गप्प बसलेल्या. गप्पा मारून मारून दमल्या असणार.
येण्याजाण्याच्या वाटेत खुर्ची ठेवणं नियमात बसत नाही, असं शिंपीणबाईंना सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं. खुर्ची हलवली नाही.
सिगारेट एकच. तीही गॅलरीत, म्हणजे घरात नव्हे.

२ फेब्रुवारी
हिला आता झोपायला तीन उशा लागतात. एक माझी गेली. थोड्या दिवसांनी सिंहासन मागेल.
आज जेवताना म्हणाली, "अहो, माझाही एकदा फॉर्म भरा की."
मी म्हटलं, तुझा तर सगळ्यात आधी भरला, तू फर्स्ट क्लास आहेस. काय लिहिलं ते वाचा म्हणाली. मी अगदी सुरात अडतीसच्या अडतीस वाचून दाखवले. हात धुवायचे सोडून ती ऐकत बसली. चौदाव्याला थोडी हसली. शेवटी म्हणाली, "बरं."
एवढंच. पण समाधान दिसलं. आपल्या माणसाला आपली इतकी माहिती आहे म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही?

१६ फेब्रुवारी
हिला नवीन चपला हव्यात, एक नंबर मोठ्या. या वयात पाय वाढतात होय? दुकानदाराने हलका माल गळ्यात मारला असणार, दोन दिवसांत आटला. उद्या जाऊन त्याला जाब विचारतो.
आनंदाची बातमी! सर्वांत जास्त बिनचूक फॉर्म माझे. सत्तावीस तारखेला साहेबांच्या हस्ते प्रमाणपत्र. भाषणाचा मसुदा तयार केला. पहिलं वाक्य: ‘समोरच्याचं ऐकून घेणं हीच खरी सेवा.’

२७ फेब्रुवारी, सकाळी
हिने माझ्या शर्टाला इस्त्री केली, पण खाली बसून. लाँड्रीत दिवसदिवस उभी राहून शेकड्याने शर्ट काढणारी बाई ती. विचारलं तर म्हणाली, आज जरा बसून करते. समारंभाला येत नाही म्हणाली, जिने नकोत. थोडा रागच आला. एक दिवस माझा, तोही नाही.
इस्त्री मात्र कडक.

२७ फेब्रुवारी
टाळ्या बऱ्या पडल्या. घरी आलो. दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची आडवी पडलेली. शिंपीणबाईंच्या दाराला कुलूप. आमच्याही. खालच्या दुकानदाराने सांगितलं, दोघी हॉस्पिटलात गेल्या. ही जिन्यात पडली.

१ मार्च
हृदय खूप कमजोर झालंय. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसाचं दुखणं नाही, दोन महिन्यांपूर्वी आला असता तर औषधांवर निभावलं असतं. मग विचारलं, तुमच्या गल्लीत सर्व्हेवाले आले नाहीत का? ओळखपत्र माझ्या गळ्यातच होतं. मी ते शर्टाच्या आत सारलं.
शिंपीणबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. गप्पा कसल्या, त्या म्हणाल्या, तिला श्वास पुरत नव्हता, खुर्ची त्यासाठी आणली. तुमच्या कानावर घालते म्हटलं तर मला शपथ घातली तिने. फॉर्म चुकला असं झालं तर त्यांचं नाव खराब होईल, म्हणाली.
 

३ मार्च
नवे संकल्प. तळमजल्याची खोली बघायची. हिची नोकरी बंद. स्वयंपाक मी करणार, मीठ मोजून. सिगारेटचं पाकीट आज खरोखर फेकलं. डॉक्टरांचा चेहरा कालच्यापेक्षा बरा होता. चेहऱ्यावरून मला कळतं.
कोरा फॉर्म घेऊन गेलो. तिच्या कॉटजवळ स्टूल ओढलं आणि एकेक प्रश्न विचारला. रीतसर. धाप? दीड वर्ष. सूज? दोन दिवसांत आटलेल्या चपला, असं म्हणून हसली, मग खोकली. आईला हृदयाचा त्रास? होता, आई त्यातच गेली. एकतीस वर्षांत हे मला माहीत नव्हतं. तेरा प्रश्नांत आठ मार्क झाले.
चौदावा विचारला. बरं वाटत नसल्यास घरात कोणाला सांगता? तिने हात पुढे केला. माझी कॉलर नीट केली. म्हणाली, "याचं उद्या सांगते. आता दमले."
चालेल म्हटलं. उद्या उरलेले पंचवीस उरकू.

४ मार्च
पहाटे गेली. मी पोचायच्या आत.

१९ मार्च
काही लिहीत नाही. शर्टांना इस्त्री नाही. काम सोडलं.

२२ एप्रिल, दुपारी
आज दारावर टकटक. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला बॅग, विशीतली मुलगी. दहातलं एक घर पुन्हा तपासतात, त्यात घर क्रमांक एक आलं. तिला पाणी दिलं. म्हटलं, मला सगळे प्रश्न पाठ आहेत, द्या, मीच भरतो. नको काका, म्हणाली, मला विचारूनच लिहावं लागतं.
घरात माणसं किती? एक.
सिगारेट? ओढतो. पाकीट फेकलं होतं, आठवड्याने दुसरं आणलं.
जिना चढताना थांबावं लागतं का? दुसऱ्या मजल्यावर थांबतो. शिंपीणबाईंनी खुर्ची अजून तिथेच ठेवली आहे, तिच्यात जरा बसतो. मुलीने ‘धाप’वर खूण केली. केवळ धापेसाठी बसत नाही, हे मी सांगितलं नाही.
बीपी तिने मशीन लावून घेतलं. १७०/१००. मी मनात १२०/८० धरलं होतं.
चौदावा प्रश्न तिने विचारला आणि पेन उचलून थांबली. मीही थांबलो. तिला वाटलं ऐकू आलं नाही, तिने पुन्हा विचारला. मी म्हटलं, ती जागा रिकामी ठेवा.
एकूण सात मार्क. लाल चिठ्ठी देऊन ती गेली. चिठ्ठीची शेवटची ओळ मी सव्वाशे घरांत मोठ्याने वाचून दाखवली असेल. आज ती बसल्या जागी, एकट्यानेच वाचली: ‘तपासणीला येताना घरचं एक माणूस सोबत आणावं.’